रेघेच्या पुढची जागा

बोर्डावरून आमच्या विहारात जे भांडण झालं ते मी केलं. पहिलेच सांगून टाकते, नाही तं मागून लोक तिखट-मीठ लावून सांगतात. नत्थूजी काही वाईट माणूस नाही. नागपुरात हुडकेश्वरच्या आमच्या लेआऊटमधला, म्हणजे आमच्या वस्तीतला, विहार त्यायनंच धावपळ करून उभा केला. पण माणूस चांगला असला म्हणून त्याचं सारंच ऐका लागते, असं कुठं लिहिलं आहे?

विहाराच्या मागच्या अंगाले एक खोली आहे, अभ्यासिका. माझी पोरगी दीप्ती दर रविवारी तिथं पोट्ट्यायले इंग्रजी शिकवे. ती गेल्यावर कमिटीनं ठरवलं, खोलीले तिचं नाव द्याचं. नत्थूजी घरी आले, जय भीम घातला, पाणी पिले अन् म्हणे, "वहिनी, दारावर बोर्ड लावून राहिलो. दीप्ती लहानू रामटेके अभ्यासिका. खाली जन्माचं साल अन्..." तिथं त्यायची जीभ अडकली.

"अन् काय?" मी म्हटली.

"अन् दुसरं साल."

"दुसरं साल टाकाचं नाही. पहिलं टाका, मंग एक रेघ मारा, अन् त्याच्यापुढं जागा सोडा."

नत्थूजीयनं आमच्या ह्यायच्याकडे पाहिलं. आमचे हे म्हणजे लहानू, दीप्तीचे बाबा. खापरखेड्याच्या पॉवर हाऊसमध्ये कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर काम करण्यात जन्म गेला त्यायचा. तिथल्या आवाजात कोणाले काही ऐकू येत नसे, म्हणून बोलाची सवयच सुटली. ते कोपऱ्यात बसून होते.

"रेघ मारून सोडली तं अर्धवट दिसन वहिनी. लोक म्हणतीन पेंटरचा रंग सरला."

"म्हणू द्या. लोकायच्या तोंडाले का झाकण आहे?"

"पण असं कुठं असते? बाई, जगाची रीत आहे..."

"जगाची रीत जगाले लखलाभ. माझ्या पोरीचं नाव लावून राहिले ना तुम्ही? मंग मी म्हणते तसं लावा, नाही तं नका लावू."

ह्यायनं हळूच म्हटलं, "बायजा, ते म्हणतात तसं करू दे वं."

"तुम्ही चूप बसा!" मी अशी खेकसली का बाहेर गेटजवळचं कुत्रं उठून गेलं. नत्थूजी आल्या पावली गेले. पुढं कमिटीच्या मिटिंगमध्येही मी गेली अन् तिथंही भांडली. तिथं एक-दोघी बाया म्हणाल्या, पोरगी गेली म्हणून बायजाबाईच्या डोस्क्यावर परिणाम झाला. मी म्हटली, झाला असन, तरी रेघेच्या पुढं काही लिहाचं नाही.

शेवटी माझंच झालं. अंकुश पेंटर आला, निळ्या पाटीवर पांढऱ्या रंगानं नाव लिहिलं, खाली लिहिलं १९९४, एक रेघ मारली अन् ब्रश धुऊन टाकला.

आता हे रेघेचं खूळ माझ्या डोस्क्यात कुठून शिरलं, ते सांगा लागते. ते इंग्रजीतून शिरलं. हसू नका. मी सातवी शिकलेली बाई, इंग्रजीत मले माझं नाव लिहिता येत नाही. पण इंग्रजीच्या लिखाणाचे जितके काळ होऊन गेले, ते सारे मी तुम्हाले एका दमात म्हणून दाखवते. अर्थ विचाराल तं माझ्या हिशोबानं सांगीन.

दीप्तीले सिकल सेल होता. आमच्या इकडे हे नाव कोणाले समजावून सांगा लागत नाही, ज्याच्या त्याच्या घरात कोणी ना कोणी निघते. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात अन् नसात अडकून पडतात. जिथं अडकल्या तिथं दुखते, अन् असं दुखते का मोठा माणूस लेकरासारखा लोळते. अर्धं माझ्याकडून आलं, अर्धं तिच्या बापाकडून. आम्हाले दोघायले काहीच झालं नाही, आपापलं अर्धं अंगात घेऊन आम्ही आरामात फिरलो, अन् तिच्यात ते पूर्ण झालं. आमच्या लग्नाच्या वेळी कोणं रक्त पाहिलं होतं? पोरगा पॉवर हाऊसमध्ये आहे, दारू पीत नाही, एवढं पाहिलं अन् उरकलं. याचा राग मी कोणावर काढू? कधी ह्यायच्यावर काढे, कधी माझ्यावर, अन् जास्त करून भांड्यायवर. पण भांडे आपटून रक्त बदलते का?

पोरगी मात्र हुशार. दुखण्यापायी शाळा बुडे, तरी नंबर सोडे नाही. इंग्रजी घेऊन एम.ए. करते म्हटली तेव्हा मी म्हटली, "अवं, घरात कोणाले ओ की ठो येत नाही, तुले कोण सांगीन?" ती म्हणे, "म्हणूनच. घरात कोणालेच येत नाही तं चुकलं तरी कोणी हसणार नाही."

त्या वेळी आम्ही खापरखेड्याले क्वार्टरमध्ये राहात होतो. हिवाळ्याचे दिवस. थंडी पडली का तिचं दुखणं हमखास ये. पाय, कंबर, मंग पाठ. गोळी दिली, गरम पाण्याची पिशवी दिली, तरी पोरगी उशी चावून राहिली. एकदा तशातच माझा हात धरून म्हणे, "आई, मले विचार."

"काय विचारू वं?"

"मंग कोण आलं, एवढंच विचार. मी सांगत जाते. डोकं तिकडे लागलं तं इकडे कमी दुखते."

तं मी विचारलं. ती दात-ओठ खाऊन म्हणे, "पहिले अँग्लो-सॅक्सन. थंडी, समुद्र, शेकोटीपाशी बसून लढाईच्या गोष्टी."

"मंग कोण आलं?"

"मिडल इंग्लिश. राजाच्या घरची भाषा वेगळी अन् लोकायची वेगळी. शेवटी लोकायची जिंकली."

"बरं झालं. मंग कोण आलं?"

"रेनेसाँस. झोपेतून उठले सारे. नाटकं, नाटकं अन् नाटकं. बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे." मले काय माहीत बरोबर का चूक! पण ती दर खेपेले विचारे, बरोबर आहे ना, अन् मी ठासून सांगे, बरोबर आहे. मी बरोबर म्हटलं का तिची मूठ जराशी ढिली पडे.

मंग प्युरिटन. त्यायनं नाटकघरायले कुलूप लावलं, हसणं बंद, नाचणं बंद. मी म्हटली, "ही तं तुझी मोठी आत्या झाली." दुखता दुखता हसली पोरगी. त्याच्यानंतर रेस्टोरेशन. राजा परत आला, कुलूप तोडलं, लोक खिदळाले लागले, अती खिदळाले लागले. मंग निओक्लासिकल, सारं मोजून मापून, शर्टाची घडी मोडली नाही पाहिजे, बोलणंसुद्धा इस्त्री केलेलं. त्याच्यानंतर रोमँटिक. मले वाटलं आता हिरो-हिरोईन येते. ती म्हणे, "नाही वं आई, ज्यायले डोंगर-नदी पाहून भरून येते, ते लोक. गरिबाचं, लेकराचं, वेड्या माणसाचं मन यायनं पहिल्यांदा पाहिलं." मी म्हटली, चांगले लोक दिसतात.

अन् मंग व्हिक्टोरियन. "कारखाने, आई. धूर, कोळसा, चिमण्या. मजुरायच्या चाळी. वाळत घातलेल्या कपड्यायवर काजळी. घरात पडदे अन् मनातही पडदे."

"अवं, हे तं खापरखेडा झालं!"

"हौ," ती म्हणे. "घरी आलो आपण."

खिडकीतून पॉवर हाऊसच्या चिमण्या दिसत. दोरीवरच्या कपड्यायवर राख बसलेली. इथपर्यंत आलो का तिचं दुखणं उतराले लागे, डोळे मिटत, अन् ती झोपून जाय. दर खेपेले असंच. म्हणून मले व्हिक्टोरियनच्या पुढचं काही माहीतच नव्हतं. मले वाटे इंग्रजी तिथंच सरते.

काहीच सुचत नसे तेव्हा ही पोरगी मले घेऊन एवढी हिंडली. ज्या देशाचं मी तोंड पाहिलं नाही, त्या देशाच्या राजा-राण्यायले मी माझ्या पोरीच्या दुखण्यात राबवून घेतलं. एकाही काळाचा माणूस नाही म्हणाला नाही.

हे रिटायर झाले अन् आम्ही हुडकेश्वरले घर घेतलं. दीप्ती तोपर्यंत एका कॉलेजमध्ये तासिकेवर शिकवाले लागली होती. तब्येतीपायी रोज जाणं झेपे नाही, पण रविवारचा विहारातला क्लास तिनं कधी सोडला नाही. कोणाच्या बापाकडून काही घेतलं नाही. आजूबाजूच्या लेआऊटचे, गावाकडचे, कुठून कुठून पोट्टे-पोट्ट्या येत. तिनं अंकुशले सांगून खोलीच्या भिंतीवर एक लांब पट्टा रंगवून घेतला. सारे काळ ओळीनं, एकेकाचं एक घर, खाली कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत. खुर्चीवर बसून ती बोटानं दाखवत राहे अन् अंकुश स्टुलावर चढून लिहीत राहे. मी चहा घेऊन गेली होती. शेवटच्या घरात तिनं नुसतं साल टाकाले लावलं अन् पुढं रेघ.

अंकुश म्हणे, "मॅडम, याचं नाव राहिलं. पुढचं सालही राहिलं."

"राहू दे अंकुशदादा. हा चालू आहे. आपण याच्यातच आहो. काळ सरला का मागून येणारे त्याले नाव ठेवतात अन् दुसरं साल टाकतात. त्या लोकायले कुठं माहीत होतं आपण व्हिक्टोरियन आहो म्हणून? ते आपले जगून राहिले होते."

मी तिथंच चहाची किटली धरून उभी. मले ते लय आवडलं. घरी येऊन ह्यायले सांगतलं, "ऐकलं का, चालू काळाले दुसरं साल नसते." हे म्हणे, "बरं." त्यायले त्याच्यात काय विशेष ते समजलं नाही.

दोन हजार बावीसच्या हिवाळ्यात दुखणं पायातून छातीत चढलं. पाहता पाहता श्वास लागला. दवाखान्यात नेलं, ऑक्सिजन लावला, रक्त चढवलं. डॉक्टर पोरं चांगली होती, धावून धावून करत होती, त्यायचा दोष नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन खिडकीतून तिच्या पांघरुणावर आलं होतं. तिनं तोंडावरचा मास्क जरासा सरकवला अन् म्हटलं, "आई, विचार."

मी विचारलं. अँग्लो-सॅक्सन झाला, मिडल इंग्लिश झाला. एकेक नावाले एकेक श्वास. रेनेसाँस. प्युरिटन म्हटल्यावर मी आत्याचं बोलली, ती हसली नाही. रोमँटिक झाला. व्हिक्टोरियन आला.

मी म्हटली, "घरी आलो, दीप्ती. आता झोप."

तिनं मान हलवली. दुखणं उतरलं नव्हतं. "विचार ना आई."

याच्यापुढं मी कधी विचारलंच नव्हतं. "मंग कोण आलं?"

"मॉडर्न. मोठी लढाई झाली. सारं तुटलं. तुकडे तुकडे झाले... बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे माय."

"मंग विचार."

"मंग कोण आलं?"

"मंग चालू काळ. त्याले नाव नाही."

"अन् त्याच्यानंतर?"

ती बोलली नाही. डोळे उघडे होते, माझ्याकडेच होते. मी म्हटली, "नको सांगू. चालूच राहू दे त्याले. चालूच राहू दे." हात मी सोडला नाही. नर्सनं येऊन सोडवला.

आता सांगा, त्या बोर्डावर मी दुसरं साल कसं लिहू देऊ? दुसरं साल टाकलं म्हणजे सरलं. माझ्यासाठी ती सरली नव्हती. रांधताना मी तिच्या वाटची पोळी टाके. हे पाहात अन् चूपचाप ती पोळी आपल्या ताटात घेत. गेल्यानंतरचं पुण्यानुमोदन झालं, वंदना झाली, लोकायनं भाषणं केली, पुस्तकं वाटली, सारं झालं, तरी माझं मन म्हणे का रेघ आहे तोपर्यंत आहे. वेड म्हणा. म्हटलंच लोकायनं.

अभ्यासिकेची चाबी मी माझ्याकडे घेतली. तिथं अभ्यासाले बसणारे पोलीस भरतीचे पोट्टे रविवारी सकाळी ग्राउंडवर जातात, खोली रिकामी असते. मी जाऊन झाडून घे, तिची खुर्ची पुसून ठेवे, पट्ट्याखाली बसून राहे. कोणी काही म्हणे नाही. मी भांडखोर आहे हे साऱ्यायले माहीत होतं, त्याचा एवढा तरी फायदा.

तं अशाच एका रविवारी, हीच तुरीच्या शेंगायच्या दिवसातली गोष्ट, एक पोट्टी दारात उभी. अंगात स्वेटर, पाठीवर बॅग, पायात धूळ. म्हणे, "काकू, दीप्ती मॅडमचा क्लास इथंच असते ना?"

मी केरसुणी भिंतीले टेकवली.

"माझं नाव भूमिका. उमरेडकडून आली मी. आमच्या गावातल्या एका ताईच्या फोनमध्ये जुना मेसेज होता, रविवारी क्लास असते म्हणून. बाहेर बोर्डही पाहिला. मॅडम आल्या नाहीत का अजून?"

"आज नाही आली," मी म्हटली.

खोटं नाही बोलली मी. आज नाही आली, हे खरंच होतं.

"बरं," ती म्हणे, "मंग पुढच्या रविवारी येते. मले काळ समजतच नाहीत काकू, सारे एकमेकात मिसळून झामल-झामल होतात." अन् गेली.

तो आठवडा माझा कसा गेला, काय सांगू. मले आनंद झाला होता. बोलाले लाज वाटते, पण आनंदच झाला होता. एवढ्या मोठ्या नागपुरात माझ्याशिवाय कोणीच दीप्तीची वाट पाहत नव्हतं. जो तो "सावरा बायजाबाई, सावरा" म्हणे. अन् ही कुठली कोण पोट्टी, दोन गाड्या बदलून येते अन् विचारते, मॅडम आल्या नाहीत का अजून. अजून म्हणे! मी घरी भाजी फोडणीले टाकता टाकता तो शब्द म्हणत राहिली. ह्यायनं विचारलं, "आज काय आहे वं? खुशीत दिसून राहिली." मी म्हटली, "काही नाही, तुम्ही जेवा."

रविवारी मी लवकर गेली. खोली धुऊन काढली, खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवली. पोट्टी आली, हातात पिशवी. "काकू, घरच्या तुरीच्या शेंगा आहेत, आईनं मीठ टाकून उकडून दिल्या. मॅडमसाठी. आल्या का मॅडम?"

"बस," मी म्हटली.

ती खाली सतरंजीवर बसली. पिशवी तिनं बाजूले जपून ठेवली, आपण एक शेंगही खाल्ली नाही. मंग वर भिंतीकडे पाहून वाचाले लागली. "काकू, मॅडम येईपर्यंत मी हे पाठ करते." अन् मंग सहज, आपल्याशीच, "हे व्हिक्टोरियन म्हणजे नेमकं काय असन?"

"खापरखेडा," मी म्हटली.

"अं?"

"कोळसा, धूर, चिमण्या. मजुरायच्या चाळी अन् मोठ्या लोकायच्या घरात पडदे. खापरखेडा पाहिला ना? तेच."

पोट्टी हसली. "असं कोणी सांगतलंच नाही आम्हाले. अन् प्युरिटन?"

"माझी नणंद."

ती पोट धरून हसली. मलेही हसू आलं, कितीक दिवसायनं. एकेक घर विचारत गेली, मी सांगत गेली, दीप्तीनं मले सांगतलं तसंच, तिच्याच शब्दात. बोलून राहिली मी, पण माझ्या कानाले दीप्तीच ऐकू येत होती. व्हिक्टोरियनच्या पुढं मॉडर्नपाशी माझा आवाज चिरकला, तिले वाटलं मले खोकला आला. मंग ती शेवटच्या घरापाशी आली.

"काकू, इथं पुढं साल काहून नाही?"

"तो काळ चालू आहे म्हणून. जे सरलं त्यालेच दुसरं साल असते."

"हौ, हौ," तिनं मान हलवली. "मॅडमच्या नावापुढंही तसंच आहे ना, बाहेर बोर्डावर. नुसती रेघ. मी तेच म्हटलं आईले, मॅडम लय मोठ्या नाहीत वं, आपल्या ताईएवढ्याच आहेत. मॅडम रागावतात का काकू, चुकलं तं?"

मले वाटलं, नाही म्हणावं. नाही वं, रागावत नाही, लय प्रेमळ आहे, असं म्हणावं अन् पुढच्या रविवारी ये म्हणून सांगावं. ती आली असती. त्याच्या पुढच्या रविवारीही आली असती. तिच्या आईनं पुन्हा काहीबाही करून दिलं असतं, अन् पोट्टी दाराकडे पाहत बसली असती. आताही ती बसली होती अन् तिची नजर खरंच त्या दाराकडे होती. मी ती नजर ओळखते. मी रोज तसंच बसते. माझं ठीक आहे, मी तिची आई आहे. पण लोकाच्या लेकराले हे असं बसवून ठेवाचं, ते माझ्यानं झालं नाही.

"नाही वं बाई," मी म्हटली. "ते चालू नाही. ते सरलं."

तिले समजलं नाही.

"दीप्ती वारली. मी तिची आई."

असं तोंडानं मी तोपर्यंत कोणालेच म्हटलं नव्हतं. माझ्या घरी सारे मले सांगाले येत, मले कोणाले सांगा लागलं नव्हतं. शब्द बाहेर पडल्यावर खोली तशीच राहिली, खुर्ची तशीच राहिली. मी मात्र भिंतीले पाठ टेकून खाली बसली.

भूमिकानं पिशवी मांडीवर ओढून घेतली. मंग म्हणे, "कधी?"

अन् मले साल सांगा लागलं. "दोन हजार बावीस."

"मंग त्या रविवारी काहून नाही सांगतलं काकू?" रागानं नाही म्हटलं तिनं, आपलं हळूच विचारलं.

"कोणी तिची वाट पाहून राहिलं होतं. मले बरं वाटलं."

पोट्टी रडाले लागली. जिले कधी पाहिलं नाही तिच्यासाठी रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मंग आम्ही दोघीयनं त्या शेंगा सोलल्या अन् खाल्ल्या, काय कराचं, आईनं उकडून दिल्या होत्या. जाताना तिनं विचारलं, "मी आली तं चालन का?" मी म्हटली, "ये. पण मॅडमसाठी नको येऊ."

घरी येऊन मी ह्यायले म्हटलं, "अंकुशले फोन लावा. बोर्डाचं काम राहिलं आहे." त्यायनं लगेच फोन लावला. मंग चप्पल घातली अन् माझ्यासोबत निघाले.

संध्याकाळचं ऊन होतं. अंकुश स्टूल घेऊन आला. स्टुलाचा एक पाय डुगडुगत होता, म्हणून ह्यायनं ते दोन्ही हातानं धरून ठेवलं. नत्थूजी विहारातून बाहेर आले, वर पाहिलं, खाली माझ्याकडे पाहिलं, अन् बाजूले उभे राहिले. मी रंगाचा डबा धरला होता. मले वाटलं होतं मी ओरडीन, अंकुशच्या हातातून ब्रश हिसकून घेईन. तसं काही झालं नाही. दोन, मंग शून्य, मंग पुन्हा दोन, पुन्हा दोन. एवढंसं काम, केव्हाचं अडवून ठेवलं होतं मी. रेघेच्या पुढची जागा भरली. ह्यायचं डोकं खाली होतं, स्टूल धरलेल्या हातावर टपटप पाणी पडून राहिलं होतं.

अंकुश खाली उतरला, दोन पावलं मागं सरला, ब्रश पुसत पाटीकडे पाहून म्हणे, "बरोबर आहे ना, काकू?"

"बरोबर आहे," मी म्हटली.